डाव्या हाताचा ब्रेक

ती जितकी घट्ट मूठ आवळत होती तितकी गाडी जास्त पळत होती. रेल्वेच्या पुलाचा उतार. मी मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली, डोळ्यांवर मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा काळा चष्मा. पुढे माझी नात, तिच्या बापाच्या मोटारसायकलवर. खाली सिग्नल लाल होता आणि सिग्नलला शहर बस उभी होती. बसची मागची काच मोठी मोठी होत चालली होती.

"आजी, थांबून नाई राहिली!"

"काहून?"

"ब्रेक दाबून राहिली ना मी!"

"मंग अजून दाब!"

तिने अजून दाबला. इंजिनाचा आवाज एकदम हलका झाला आणि गाडी सायकलसारखी गुपचूप उतरायला लागली. धक्का नाही, घरघर नाही, नुसता वारा. माझ्या एका हातात तिचा खांदा होता, दुसऱ्या हातात सीटमागची दांडी. मागे बसणाऱ्या बाईजवळ आणखी काही नसतं. उडी मारायची तर गुडघे कधीचेच गेलेले. देवाचं नावही मला वेळेवर आठवलं नाही. बसच्या काचेवर कुणीतरी बोटाने धुळीत काहीतरी लिहिलं होतं, ते मी वाचायला बघत होते.

हे काय होत होतं ते कळायला लायसनपासून सांगावं लागेल.

नात अठराची झाली तेव्हा तिने लायसन काढलं. त्यासाठी परीक्षेला गाडी आपली आपण न्यावी लागते. घरात स्कूटी होती, तीच नेली, म्हणून लायसन बिनगिअरचं मिळालं. तेव्हा ती म्हणाली होती की गिअरचं काढलं तर दोन्ही गाड्या चालवता येतात, थांबते आणि मोटारसायकल शिकून मगच जाते. सून म्हणाली, "मोटारसायकलवर कुठं जाचं आहे तुले? लग्न झाल्यावर नवऱ्याच्या मांगं बसशीन." मुलगा म्हणाला, "आता हेच काढून घे. गिअरचं मंग पाहू." मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी काय सांगणार होते? मी चौथी शिकले आणि सायकलही कधी चालवली नाही.

वर्षभर ती स्कूटी चालवत होती. चांगली चालवायची. गांधीबागेच्या गल्ल्यांत हातठेले, कापडाच्या गाठी, गाई, सगळ्यांमधून अशी काढायची की मी मागे बसून पान लावू शकत असे. मग तिला काम मिळालं. एका रक्त तपासणाऱ्या लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्त गोळा करून आणायचं. ती ते शिकली होती. शीर एका झटक्यात सापडते तिला, माझ्यावरच शिकली. लॅबवाल्या सरांनी कामठी ते कन्हान ही शहराबाहेरची लाइन द्यायची ठरवली. त्या लाइनला लॅबची स्वतःची मोटारसायकल होती. सर म्हणाले, "बेटा, गिअरचं लायसन आण, लाइन तुझी."

तिथून घरात रोज एकच विषय सुरू झाला. कधी काढायचं? आता की नंतर?

मुलगा म्हणे, "एक वर्ष जाऊ दे. हात बसू दे."

"बाबा, स्कूटीवर कितीही बसली तरी गिअरचा हात कसा बसन?"

"म्हणूनच म्हणतो, घाई नको."

"घाई कोण करून राहिलं? लाइन दुसऱ्याले जाईन ना!"

"जाऊ दे. लायनीच का कमी आहेत?"

"तुमच्यासाठी कमी नाईत. तुम्ही तर घरीच असता."

हे त्याला लागलं. त्याचं काम सुटलं होतं. तो उठून बाहेर गेला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाला, "चल, शिकवतो."

शिकाऊ लायसन तिने मोबाइलवरून काढलं. दर रविवारी सकाळी बाप-लेक शाळेच्या मैदानावर जात. मला घरी करमत नसे, म्हणून मीही जाऊन कुंपणाच्या भिंतीवर बसे. मैदान सपाट, मातीचं. तिची गाडी सारखी बंद पडे. गाडी थांबवताना क्लच दाबला नाही की गाडी गचका खाऊन बंद पडते. मग माझा मुलगा ओरडे, "क्लच! अगं पहिले क्लच दाब!" सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा. क्लच म्हणजे डाव्या मुठीतली दांडी. ती दाबली की इंजिन चाकापासून सुटतं. मातीत गाडी सुटली तर आपोआपच थांबते. त्यामुळे तिने डावी मूठ आवळली की गाडी थांबे, आणि बाप म्हणे, "हां, असं."

दुसरं एक तो सांगे. उजव्या हाताचा पुढचा ब्रेक दाबू नकोस, उलटशील. हे तिला स्कूटीच्या वेळीही त्यानेच सांगितलं होतं. आमच्याकडे सगळेच असं सांगतात. स्कूटीला मागचा ब्रेक डाव्या हातात असतो. म्हणजे वर्षभर तिचा डावा हात थांबवायचं काम करत होता. मोटारसायकलला मागचा ब्रेक उजव्या पायाखाली असतो. स्कूटीवर पायाला काही कामच नसतं, पाय नुसते ठेवायचे.

हे सगळं मला आज कळतं. तेव्हा मी भिंतीवर बसून शेंगदाणे खात होते.

परीक्षेची तारीख मिळाली. त्याच्या आदल्या दिवशी मला सीताबर्डीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं, ऑपरेशननंतर दाखवायला. मुलगा बसने एका लग्नाला गेला होता, स्कूटी सुनेने नेली होती. ऑटोवाला फोन उचलेना. नात चावी घेऊन आली.

"चल आजी, मी सोडते."

"तुह्या बापानं नाई म्हटलं ना रस्त्यावर?"

"उद्या परीक्षा आहे. मैदानावर सगळं येते मले. तू भेतं का?"

"मी काहून भिऊ? म्हातारी झाली मी."

"मंग बस."

बसले. पूल चढेपर्यंत ती छान चालवत होती. गिअर बदलला की मला सांगत होती, "हा तिसरा, आजी." चढावावर गाडी बंद पडली नाही याचा तिला आनंद झाला होता. मग उतार आला.

आता तुम्हाला कळलं असेल. खाली बस दिसली आणि तिच्या डाव्या हाताने जे येत होतं ते केलं. क्लच आवळला. इंजिन सुटलं, उताराने गाडी ओढली. ती घाबरली तशी तिने आणखी आवळला. उजवा हात तिने हलवला नाही, कारण उलटू. पाय नुसते ठेवलेले. आणि मागून मी ओरडत होते, अजून दाब.

बसच्या थोडं अलीकडे, डाव्या बाजूला, सिमेंट रोडच्या कामासाठी गिट्टीचा ढीग टाकला होता. महिनोन् महिने पडून होता. आम्ही येता-जाता त्या ठेकेदाराला शिव्या द्यायचो. तिने हँडल तिकडे वळवलं. वळवलं की वळलं, ते तिला सांगता येत नाही. गाडी गिट्टीत घुसली आणि आडवी झाली. मी मागच्या मागे रस्त्यावर पडले. तिचा उजवा पाय गाडीखाली आला, सायलेन्सरखाली.

तिच्या डोक्यात हेल्मेट होतं. माझ्या डोक्यावर पदर होता.

मला उठता येत नव्हतं. खुब्याचं हाड गेलंय हे मला पडल्यापडल्याच कळलं, कारण पाय माझा वाटत नव्हता. काळा चष्मा मात्र नाकावर तसाच होता. माणसं गोळा झाली. एकाने विचारलं, "चलवत कोण होतं?" दुसरा म्हणाला, "पोट्टी होती." पहिला म्हणाला, "तरीच." नात गिट्टीवर पडल्या पडल्या म्हणाली, "तरीच काय? गाडी उचल ना पहिले पायावरून!" तिचा आवाज ऐकला आणि मी डोळे मिटले.

तिला घोट्याला प्लास्टर, पोटरीवर भाजल्याचा मोठा डाग. मला खुब्यात सळई. मुलगा दवाखान्यात आला तेव्हा दोघींच्या खाटांमध्ये उभा राहून कुणावर ओरडावं ते त्याला कळेना. शेवटी तो मलाच म्हणाला, "माय, तू काहून बसली?" मी म्हटलं, "तूच शिकवलं ना तिले."

रात्रीची नर्स येऊन गेल्यावर नात म्हणाली, "आजी, मी ब्रेकच दाबला वं. डाव्या हातानं." मी म्हटलं, "माईत आहे." खरं तर मला काहीच माहीत नव्हतं.

सरांचा फोन आला. पाय बरा कर म्हणाले, लाइनवर सध्या दुसरा माणूस ठेवतो, लोकांचं रक्त गाडीसाठी थांबत नाही. बरोबर होतं ते.

पाय बरा झाल्यावर ती पुन्हा स्कूटीने शहरातली कामं करायला लागली. मोटारसायकल दुरुस्त होऊन अंगणात स्टँडवर उभी होती. मुलाने चावी लपवली नव्हती. तो नुसता त्या गाडीकडे बघत नव्हता. एका सकाळी नात त्या उभ्या गाडीवर जाऊन बसली. मी दारात खुर्चीवर होते, वॉकर समोर.

"आजी, मी इकडंतिकडं पाहीन. तू मधातच बस आली म्हणून ओरड."

ओरडले. तिचा डावा हात आवळला गेला. मग पाय दाबला गेला.

"पुन्हा."

पुन्हा ओरडले. पुन्हा डावा हात आधी. कधी मी लगेच ओरडे, कधी भाजी निवडता निवडता, कधी शेजारणीशी बोलता बोलता. शेजारीण दचकायची, "कोणती बस वं बाई?" नात हसायची, आणि तिचा डावा हात आवळलेला असायचा. रोज हे चालायचं. पाय लवकर जायला लागला, पण हाताच्या आधी कधीच गेला नाही.

"स्कूटी सोडल्याशिवाय हा हात सुधरत नाई," ती म्हणाली. "आन् स्कूटी सोडली तर कामावर कशी जाऊ?"

मी मेथी निवडत राहिले.

"सांग ना वं. आता परीक्षा देऊ का थांबू?"

सगळ्या आयुष्यात मला असं कुणी काही विचारलं नव्हतं. लग्न, घर, जमीन, मुलाचं शिक्षण, सगळं बाकीच्यांनी ठरवलं आणि मी त्यातले दोष काढले. आता दे म्हणावं तर तो उतार दिसे. थांब म्हणावं तर मी तिच्या आई-बापासारखीच ठरे. मैदानावरच्या परीक्षेत ती पास झाली असती. तिथे गाडीने आठचा आकडा काढायचा असतो, सपाट जमिनीवर. तिथे बस उभी नसते.

"मले नाई समजत," मी म्हटलं.

"मलेही नाई," ती म्हणाली.

मग सरांचा पुन्हा फोन आला. ठेवलेला माणूस सोडून गेला होता. कन्हानची लाइन मोकळी होती, गिअरचं लायसन घेऊन ये, उद्याच ये. ती माझ्यासमोरच बोलली. "सर, परीक्षा पास होईन मी. पण हात तयार नाई अजून." तिकडून काहीतरी विचारलं गेलं. ती म्हणाली, "नाई सर, दुखत नाई. चांगला आहे हात." सरांना ते समजलं नसणार. लाइन दुसऱ्याला गेली.

ती रडली नाही. स्कूटीची चावी घेतली, रक्ताच्या नळ्यांचा डबा घेतला आणि कामाला गेली. मुलगा संध्याकाळी म्हणाला, "बरं केलं." त्यावर तिने ताट सरकवून ठेवलं.

शिकाऊ लायसनची मुदत संपली. नवीन तिने काढलेलं नाही. काढणार नाही असंही म्हणत नाही. नातेवाईक आले की त्या पुलाची गोष्ट हसून सांगतात, मुलगा मैदानावर कसा ओरडत होता त्याची नक्कल करतात, आणि मग विचारतात, कधी काढते मग लायसन? ती सांगते, पाहू. मलाही विचारतात. मला ठाऊक नाही. मला चालायला वॉकर लागतो, तिला थंडीत घोटा दुखतो. गाडीवर आम्ही दोघी होतो, आणि दोघीही जगलो.