त्याच घोड्याची दुसरी फेरी

माझ्या मित्राला अखेरच्या दिवसांत भ्रम झाला होता, असे त्याच्या शोकसभेत त्याच्या मुलाने सांगितले. टीव्हीतल्या परग्रहावर वडिलांना आपला घोडा दिसत असे, हे ऐकून मंडळींनी समजूतदारपणे माना हलवल्या. मी तिथल्या तिथे उठून "हे साफ चूक आहे" असे म्हणालो. कोणीतरी हाताला धरून मला खाली बसवले. म्हाताऱ्याला दुःख आवरले नाही, असा माझ्या उठण्याचा अर्थ लावला गेला. तोही चूक होता.

आम्ही दोघे कोल्हापुरातल्या जुन्या चित्रपटांची माणसे. मी पडदे रंगवत असे. किल्ले, डोंगर आणि मुख्यतः आभाळ. तो घोडे पुरवी. जवळच्या गडमुडशिंगी गावात त्याचे आठ घोडे होते आणि त्या आठांत तो अख्खी फौज उभी करी. घोडे कॅमेऱ्यासमोरून दौडत जात, टेकडीला वळसा घालून मागे उतरत, तिथे त्यांच्या झुली बदलल्या जात, आणि तेच घोडे पुन्हा समोरून दौडत येत. याला आम्ही 'दुसरी फेरी' म्हणत असू. प्रेक्षकांना हे कधी कळले नाही, याचा त्याला मरेपर्यंत अभिमान होता.

टीव्हीवरची ती परग्रहाची मालिका परदेशी, पण हिंदीत बोलणारी. तिच्यातली माणसे यानातून एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर जातात आणि उतरली की घोड्यावर बसतात. कमरेला पिस्तूल, डोक्यावर रुंद काठाची टोपी, वर दोन चंद्र. गेल्या वर्षी आमच्याकडे तिचे भलतेच वेड होते. सकाळी म्हशीची धार समोर काढून देतात त्या दुधाच्या कट्ट्यावरही तिचीच चर्चा चाले. तरुण मंडळी म्हणत, यानांच्या लढायांमुळे ती लोकांना आवडते. मला हे मान्य नव्हते, आजही नाही. आमच्या कट्ट्यावरच्या सत्तरी उलटलेल्या माणसांना यानाचे काय कौतुक? त्यांना दिसत होते ते वेगळेच. अनोळखी स्वार गावात येतो, लोक दारे लावून घेतात, आणि तो स्वतः पाणी पिण्याआधी घोड्याला पाजतो. असले चित्रपट आम्ही याच मातीत केले होते. लोकांनी आपलीच जुनी गोष्ट ओळखली. फरक एवढाच की या वेळी ती दोन चंद्रांखाली घडत होती.

दर गुरुवारी दुपारच्या एसटीने मी त्याच्याकडे जाई आणि आम्ही ती मालिका बघत बसू. तो फक्त घोडे बघे. "ह्यो स्वार न्हवं, पेंटर, पोतं हाय पोतं. पाठ मोडली की बिचाऱ्याची," म्हणून घोड्यासाठी हळहळे. मी आभाळ बघे. ते आभाळ संगणकाने काढलेले होते आणि, कबूल करायला हरकत नाही, फार सुंदर होते. माझ्या हाताला तसा जांभळा कधी साधला नाही.

एका गुरुवारी वाळवंटातल्या दौडीचा प्रसंग लागला. तो एकदम पुढे सरकला.

"थांब, थांब! त्येच घोडं हाय. दुसरी फेरी हाय ही!"

"कशावरून?"

"मागल्या उजव्या पायाला पांढरं हाय बघ. मघाशी लाल झूल व्हती, आता काळी घातलीया. आन् मान बघ की, घामानं निथळतीया. टेकडीमागनं पळवून आणलंय त्येला." तो लहान मुलासारखा हसत होता. "ल्येका, आपलीच पद्धत! पार चंद्रावर गेली की रं!"

मी म्हणालो, "तिथे घोडाच नाही, गड्या. आभाळ जसे संगणकाचे, तसाच तोही संगणकाचा. सगळी चित्रे आहेत."

"न्हाय. घाम कुठं काढता येतोय व्हय?"

"सगळे काढता येते. तुझ्या घोड्यांची आता कुणाला गरज राहिलेली नाही."

हे वाक्य मी का बोललो, हे मला तेव्हाही माहीत होते. माझा रंग, माझा ब्रश, माझी अख्खी विद्या त्या पडद्यावरून पुसली गेली होती आणि त्याचा घोडा मात्र दुसऱ्या ग्रहावरही दौडत होता. मला ते सोसले नाही. तो मागे सरकून बसला. मग म्हणाला, "बंद कर त्ये." पुढच्या गुरुवारी टीव्हीवर कापड घातलेले होते. कट्ट्यावर म्हणतात, त्याची नजर गेली म्हणून त्याने मालिका सोडली. त्याची नजर माझ्यापेक्षा चांगली होती.

महिन्याभरात तो दवाखान्यात पोचला. शेवटच्या आठवड्यात मी खाटेजवळ बसलो होतो, मुलगा पायथ्याशी उभा होता. मित्राने डोळे उघडले आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "पेंटर, झूल बदलली व्हती का न्हाय? खरं सांग."

मुलगा हळूच म्हणाला, "काका, बघा की, कसं बोलाय लागल्यात."

मला एकच शब्द बोलायचा होता. होय. पण होय म्हटले असते तर मी हरलो असतो, आणि आयुष्यात मी त्याच्याशी एकही वाद हरलो नव्हतो. मी मुलाकडे वळून म्हणालो, "औषधांमुळे भ्रम होतो." मित्राने तोंड भिंतीकडे फिरवले. त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही.

शोकसभेनंतर घरी मी माझ्या मुलीला तो वाळवंटातला प्रसंग लावायला सांगितला. घोडा समोरून गेला की प्रत्येक वेळी चित्र थांबवून पाहिले. मागचा उजवा पाय पांढरा, दोन्ही वेळा. आधी लाल झूल, मग काळी. दुसऱ्या वेळी मान घामाने भिजलेली. संगणकाला एकच घोडा दोनदा पळवून घामाघूम करायची गरज नसते.

दुसऱ्या दिवशी मी गडमुडशिंगीला गेलो, त्याच्या मुलाला टीव्हीवरचे कापड काढून तो प्रसंग लावायला सांगितले आणि त्याला सगळे दाखवले. पांढरा पाय, दोन्ही झुली, मान. त्याने तीनदा पाहिले.

"म्हंजे बाबांना भ्रम नव्हता."

"नव्हता."

"मग काका, दवाखान्यात तुम्हीच तसं का म्हणाला?"

"मला हरायचे नव्हते."

तो माझ्याकडे पाहत राहिला. म्हशींच्या धारांची वेळ झाली होती. तो उठून गोठ्यात गेला. मी तो प्रसंग पुन्हा लावायचा प्रयत्न केला, पण त्यासाठी कुठले बटण दाबायचे ते मला सापडले नाही.