सहाची बस, सव्वासहाची माणसं

डेपोत त्याला सगळे ‘सरासरी’ म्हणत. खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि ते तिथंच राहिलं. तोंडावर ‘सरासरीभाऊ’, पाठीमागे नुसतं ‘सरासरी’, आणि ड्रायव्हर मंडळी चिडलेली असली की नावाच्या आधी आणखी एक-दोन शब्द, जे इथं लिहिण्यासारखे नाहीत.

त्याची जागा जिन्याखाली. वर कोणी धाडधाड उतरलं की टेबलावर चुन्याची पूड पडे, म्हणून तो कागदांवर जुनं वर्तमानपत्र पांघरून ठेवी. काम तसं सरळ. कंडक्टरांच्या रोजच्या चिठ्ठ्या गोळा करायच्या, एकूण माणसं भागिले एकूण फेऱ्या करायचं आणि येईल तो आकडा साहेबांकडे पोचवायचा. साहेब त्या आकड्याकडे बघून गाड्या वाढवत किंवा कमी करत. वाढवलेल्या अर्थात कुणाच्या आठवणीत नव्हत्या. वर्षानुवर्षं भागाकार करून त्याची खात्री पटली होती की या भागाकारात वाटेत कुठंतरी माणसं सांडतात. हे तो सांगायला गेला की लोक घड्याळ बघत.

त्याच्या गल्लीवरून जाणारी बस घ्या. वेळापत्रकात सकाळी सहापासून दर पंधरा मिनिटांनी एक. प्रत्यक्षात दर अर्ध्या तासानं दोन. सहाच्या गाडीचा ड्रायव्हर सव्वासहाच्या ड्रायव्हरसाठी थांबे, दोघं मिळून चहा घेत आणि जोडीनं निघत. पुढच्यानं माणसं भरायची, मागच्यानं रिकामी गाडी निवांत हाकायची. पुढची थांब्यावर उभी राहिली की मागची बाजूनं निघून जाई. आज तू पुढं, उद्या मी. दोघांमध्ये इतका सलोखा सख्ख्या भावांतही सापडत नाही.

आता हिशेब बघा. पुढच्या बसमध्ये सत्तर माणसं एकमेकांच्या कोपरात, मागच्या बसमध्ये दहा पाय पसरून. सत्तर आणि दहा ऐंशी, भागिले दोन, चाळीस. बसमध्ये आसनं चाळीस. झालं! कागदावर प्रत्येक माणूस बसलेला.

“साहेब, बसला विचारलंत तर ती म्हणेल चाळीस,” तो एकदा सांगत होता, “पण माणसांना विचाराल तर ऐंशीतली सत्तर म्हणतील, आमचा जीव गुदमरला. बसमधून जातात माणसं. मग विचारायचं कुणाला?”

“तक्रार लेखी आहे का?” साहेबांनी विचारलं.

या सत्तरांत एक त्याची ताई होती. नवरा गेल्यापासून ती भावाकडे राही, पण कुणाच्या तुकड्यावर नाही. गावाच्या दुसऱ्या टोकाला मोठा दवाखाना होता, तिथल्या धुलाईघरात चादरी वाळवून घड्या घालण्याचं काम करी. पगार बेताचा, पण पहिल्या तारखेला घरात आली की तिची मान ताठ असे. तिथलं फाटक सातला बंद होई. तिमाहीत तीनदा उशीर झाला की कामावरून नाव कमी. ताईचा दोनदा झालेला होता. सहाची बस सहाला आली असती तर ती पाऊण तासात, वेळेआधी पोचली असती. पण सहाची बस सव्वासहाला, तीही दरवाजात लोंबकळणारी माणसं घेऊन येई. ताई रोज आत घुसे ती नशिबानं.

“तू डेपोत आहेस ना रे?” ती म्हणे. “मग एवढं एक होत नाही तुझ्याच्यानं?”

डेपोत असून तो रोज पायी जाई, हे एक बरं होतं; निदान थांब्यावर तिच्याशेजारी उभं राहावं लागत नसे.

अशात वरून फर्मान आलं, या मार्गावरची सकाळची एक फेरी कमी करा. साहेब त्याच्या चाळीसच्या आकड्यावर बोट ठेवून मोकळे. तेव्हा मात्र हा जिन्याखालचा माणूस वर गेला आणि साहेबांच्या दारात ठाण मांडून बसला. कमी करायची तर करा, पण आधी रस्त्यावर उभं राहून मोजा. कुठल्या बसमध्ये किती, थांब्यावर, डोळ्यांनी. चार दिवस त्यानं हे टुमणं लावलं. पाचव्या दिवशी साहेब कंटाळले.

“ठीक आहे. गुरुवारी मोजू. एकच दिवस. आणि हे बघा, कुणाला कळता कामा नये, नाहीतर मोजणीला अर्थ नाही.”

“अगदी बरोबर साहेब!” तो म्हणाला. एवढ्या वर्षांत साहेबांच्या तोंडून पहिल्यांदाच त्याच्या शास्त्राला धरून वाक्य निघालं होतं. त्या आनंदात तो नाचत खाली आला.

घरी बायकोनं ऐकून घेतलं आणि सरळ विचारलं, “अहो, मग गल्लीत सांगून टाकू का? गुरुवारी सगळ्याजणी सहाला थांब्यावर उभ्या राहतील.”

“खबरदार! अगं, लोकांना सांगून मोजलं तर ती मोजणी खोटी. लोक रोज वागतात तसं वागले पाहिजेत.”

“लोक रोज वागतात तसंच वागतील. तुमचे ड्रायव्हर वागतील का?”

“त्यांना कळणारच नाही.”

बायको पोळ्या लाटायला वळली. तिच्या प्रश्नाला त्या घरात वजन होतं, पण त्या दिवशी त्यानं ते तोललं नाही. ताईला मात्र त्यानं बाजूला घेऊन सांगितलं, गुरुवारी सहालाच जा, चुकून वेळेवर आली तर तिसरा उशीर नको. एवढीच काय ती लबाडी केली, आणि तीही मनाला लागून राहिली. इतका सरळ माणूस, डोकं आपटावं असं वाटतं!

आता, ते गुप्त परिपत्रक टाईप करणाऱ्या कारकुनाचा मेहुणा ड्रायव्हर होता. चहाच्या टपरीवर बुधवारी दुपारपर्यंत झाडून सगळ्या ड्रायव्हरांना बातमी कळली. मोजणीची खबर नव्हती ती फक्त ज्यांना मोजायचं होतं त्यांना.

गुरुवारी तो स्वतः गल्लीसमोरच्या थांब्यावर कागद आणि पेन्सिल घेऊन उभा राहिला. सहाला पाच मिनिटं कमी होती. ताई आली, डब्याची पिशवी सावरत उभी राहिली आणि ठरल्याप्रमाणे त्याला ओळख दिली नाही. आणि सहाच्या ठोक्याला बस आली. पुसलेल्या काचा, ड्रायव्हरच्या शर्टाची सगळी बटणं लावलेली. थांब्याला लागून शिस्तीत उभी राहिली, दार उघडलं.

बसमध्ये आठ माणसं होती. ताई चढली, नऊ झाली.

अरे, माणसं कुठं आहेत? माणसं घरीच होती. कुणी वेणी घालत होतं, कुणी डबा भरत होतं. ही बस सहाला कधीच येत नाही हे सगळ्या रस्त्याला ठाऊक होतं, म्हणून सहाच्या बसची माणसं सव्वासहाला निघत. इतक्या वर्षांत ड्रायव्हरांनीच त्यांना हे शिकवलं होतं. आणि आज एक दिवस ड्रायव्हर शहाणे झाले, तर लोकांना ते सांगणार कोण?

हातात पेन्सिल होती. नऊच्या आधी चारचा आकडा काढायला कितीसा वेळ लागतो? बघायला कोणी नव्हतं. त्यानं पेन्सिल टेकवलीसुद्धा. मग नुसता ‘९’ लिहिला आणि स्वतःलाच एक शिवी हासडली.

सव्वासहाची बस सव्वासहाला आली आणि बरीच माणसं घेऊन गेली, पण चिरडाचिरडी झाली नाही, कारण साडेसहाचीही मागोमाग वेळेवर होती. सकाळभर असंच चाललं. एवढी सुंदर बससेवा त्या गावात कुणी पाहिली नव्हती. माणसं बसमध्ये बसत होती, हसत होती, एकमेकांना जागा देत होती. तो रस्त्याच्या कडेला उभा राहून दात-ओठ खात मोजत होता.

शुक्रवारी साहेबांनी त्याचाच मोजणीचा कागद त्याच्यापुढं सरकवला. “गर्दी कुठं आहे हो? आणि ही सहाची बघा, नऊ माणसं. हीच फेरी बंद करू. सोमवारपासून पहिली बस सव्वासहाला.”

“साहेब, काल गाड्या वेळेवर आल्या म्हणून...”

“म्हणजे गाडी वेळेवर आली ही चूक?”

“हो साहेब! एकच दिवस आली, ही चूक. महिनाभर सहाला सोडा, लोकांना कळू द्या, मग मोजा. नऊची नव्वद नाही झाली तर माझं नाव बदला.”

“ते बदललेलंच आहे,” साहेब हसून म्हणाले. “महिनाभर रिकामी गाडी पळवायची? डिझेल काय तुमच्या सरासरीवर चालतं? अहो, मोजा म्हणून मागं लागलात तुम्ही. मोजलंत तुम्ही. सही तुमची. आता आकडा आवडला नाही म्हणून मोजणी खोटी?”

साहेबांच्या बोलण्यातला प्रत्येक शब्द खरा होता आणि सगळं मिळून धादांत खोटं होतं, आणि हे कुठल्या भाषेत सांगायचं ते त्याला सुचेना. खाली आला तर टपरीवरून जोडीतला एक ड्रायव्हर ओरडला, “काय सरासरी, कशी झाली मोजणी?” त्यानं मान खाली घातली. राग त्याचाही आला होता, पण त्याहून जास्त स्वतःचा.

घरी ताई गल्लीतल्या बायकांना उंबऱ्यात बसवून गुरुवारची गोष्ट तिसऱ्यांदा सांगत होती. “सहा म्हणजे सहा! खिडकीशी बसले. पावणेसातला फाटकात. मुकादम म्हणाला, आज सूर्य कुठून उगवला? सगळं माझ्या भावानं केलं. सोमवारी सगळ्याजणी सहाला या गं.”

बायका गेल्यावर त्यानं खरं काय ते सांगितलं. ताईनं ऐकलं आणि झटकून टाकलं.

“काहीतरीच! अरे, मी स्वतः बसले ना त्या बसमध्ये.”

“एका दिवसावरून काही ठरत नाही, ताई!”

“मग तुझ्या साहेबानं कसं ठरवलं?”

बायको आतून भाजी चिरता चिरता म्हणाली, “गल्लीत सांगू का, म्हणून मी विचारलं होतं.” एवढंच म्हणाली. जास्त बोलली असती तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. त्यानं ताईला सोमवारी रिक्षानं जा म्हणून विनवलं. “आणि मंगळवारी?” ताईनं विचारलं. “पगार रिक्षावाल्याच्याच घरी पाठवू का?”

सोमवारी तो तिच्याबरोबर थांब्यावर गेला. सहाला पाच कमी असताना कोपऱ्यावरून बायका यायला लागल्या. मग कापडगिरणीचे दोघं-तिघं, दूधवाल्याचा भाऊ, शेजारच्या गल्लीतले आणखी. ताईचा शब्द दोन गल्ल्यांत फिरला होता. सहा वाजले तेव्हा थांब्याच्या पत्र्याखाली मावेनात इतकी माणसं उभी होती, सगळी एकाच बाजूला बघत. त्यानं सवयीनं मोजली. बेचाळीस. नुसत्या या एका थांब्यावर.

बस आली नाही.

“येईल,” ताई म्हणाली. पाच मिनिटांनी पुन्हा म्हणाली. तो रिक्षा बघायला कोपऱ्यापर्यंत धावला. तिथं एक उभी होती, तिच्यात ड्रायव्हर नव्हता. परत आला तेव्हा सव्वासहाची बस येत होती, आणि ती लांबूनच एका बाजूला कललेली दिसत होती. दोन माणसं कशीबशी लोंबकळली. कंडक्टरनं आतून ओरडून घंटा मारली. ताई दांडीला हात लावून चार पावलं बसबरोबर धावली, मग हात सुटला.

मागं दुसरी बस नव्हती.

गर्दी बडबडत राहिली. कोणी त्याच्याकडे बघून म्हणालं, हाच तो डेपोतला. ताई श्वास घेत उभी होती. तिनं रस्त्याकडं पाहिलं, उरलेल्या माणसांकडं पाहिलं.

“एवढी माणसं आहेत की रे,” ती म्हणाली. “आता मोज ना.”

“मोजली, ताई.”

ताईनं डब्याची पिशवी त्याच्या हातात दिली. “हा डबा तू ने. जेव दुपारी. मला आज कुठं लागणार आहे?”

आणि ती गल्लीकडं चालायला लागली, घाई नसलेल्या माणसासारखी.