टेपचं दुमडलेलं टोक

आईवडील सोडले तर माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते खडकीच्या काकांचे. ते माझ्या नात्यातले नाहीत. वाशिमकडच्या एका लहान गावातून मी इंजिनिअरिंगला पुण्यात आलो, तेव्हा वडिलांच्या ओळखीने त्यांच्याकडे उतरलो. काका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होते. "चार दिवस राहा, मग बघू," म्हणाले, आणि पदवी हातात पडेपर्यंत मी त्यांच्या बाहेरच्या खोलीत राहिलो. आमच्या घराण्यातली ती पहिली पदवी. तिच्यात काकूंच्या हातचं जेवण किती आहे, हे मलाच ठाऊक.

रविवारी गल्लीतले लोक काकांकडे इस्त्र्या, मिक्सर घेऊन यायचे. ते मला शेजारी बसवून काम दाखवायचे. आधी प्लग काढायचा आणि तो आपल्या डोळ्यांसमोर ठेवायचा, म्हणजे मागून येऊन कोणी लावणार नाही. आणि वायरवर टेप गुंडाळली की शेवटचं टोक जरासं दुमडून ठेवायचं. "पुढच्या माणसाला नखाने खरवडत बसायला लागू नये," ते म्हणायचे. असं टोक दुमडणारा दुसरा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

पुढे मला खराडीत नोकरी लागली, लग्न झालं, मांजरीला फ्लॅट घेतला. बायकोने हौसेने इलेक्ट्रिक ओव्हन आणला आणि ती नानकटाई करू लागली. सोसायटीतून मागणी येऊ लागली. स्वतःचं असं काही सुरू झालं, याचा तिला फार आनंद होता. मग एक दिवस ओव्हन बंद पडला. मी काकांना फोन केला. ते निवृत्त झालेले, गुडघे दुखत असूनही बस बदलत आले. काळा पडलेला प्लग त्यांनी बदलला, ओव्हनचं मागचं झाकण उघडून पाहिलं, पुन्हा लावलं. "झालं. वापरा," म्हणाले आणि चहा घेऊन गेले.

त्यानंतर नानकटाई बिघडायला लागली. वरून बदामी, खालून कच्ची. बायकोने तूप बदललं, मैदा बदलला, ट्रे बदलून पाहिले. सोसायटीच्या ग्रुपवर एका बाईंनी लिहिलं, "दिसायला फारच सुंदर होत्या हं." टोमणा मारायला पुणेकरांना याहून जास्त बोलावं लागत नाही. बायकोने त्या दिवशी ओव्हन लावला नाही.

"अहो, ओव्हनच एकदा दाखवू या ना कोणाला तरी."

"काकांनी बघितलाय ना," मी म्हणायचो.

"मग माझाच हात बिघडलाय."

काकांनी हात लावलेली वस्तू दुसऱ्याला दाखवणं म्हणजे काकांचा अपमान, असं मला मनापासून वाटायचं. दिवाळीच्या तोंडावर तिने सगळ्या ऑर्डरना नकार कळवला आणि मला म्हणाली, "हा ओव्हन माळ्यावर टाका. मला समोर नको."

माळ्यावर टाकण्याआधी, का कोण जाणे, मी बटण फक्त खालच्या कॉइलवर फिरवून ओव्हन चालू केला. दार उघडून बराच वेळ कॉइलजवळ हात धरून बसलो. आत गार. मग प्लग काढून डोळ्यांसमोर ओट्यावर ठेवला आणि मागचं झाकण उघडलं. खालच्या कॉइलची वायर सुटलेली नव्हती, जळलेलीही नव्हती. कोणीतरी ती सोडवून बाजूला वळवली होती आणि तोंडाला व्यवस्थित टेप गुंडाळली होती. टेपचं टोक दुमडलेलं होतं.

कॉइलला मल्टिमीटर लावून पाहिला. कॉइल उत्तम होती.

बायकोने मागून विचारलं, "काय निघालं?" मी ते टोक तिला दाखवलं. खडकीच्या रविवारांच्या गोष्टी तिने माझ्याकडून कितीदा ऐकल्या होत्या. ती खुर्चीत बसली. "म्हणजे माझा हात ठीक होता," एवढंच म्हणाली.

मी काकांना फोन लावला.

"काका, खालची कॉइल तुम्ही काढलीत?"

"काढली नाही. बंद ठेवली. तुझ्या बिल्डरने त्या पॉइंटला सुतळीएवढी वायर ओढलीय. दोन्ही कॉइल चालल्या तर भिंतीत तापते. अर्धा लोड केला."

"मग मला सांगायचं नाही का?"

"सांगून काय झालं असतं? 'हो काका' म्हणाला असतास. फ्लॅट घेताना म्हटलं होतं, सही करण्याआधी वायरिंग मला दाखव. 'हो काका.' आणि सही करून पेढे घेऊन हजर! आयुष्यात एकदा तरी मला नाही म्हणालायस? जो सगळ्याला हो म्हणतो, त्याच्या 'हो'च्या भरवशावर घर कसं सोडायचं रे?"

"काका, ही इतके महिने..."

"घर जळलं नाही ना? मग झालं तर." त्यांनी फोन ठेवला.

राग आला, पण त्याहून जास्त काहीतरी आत तुटलं. परक्याने फसवलं असतं तर दोन शिव्या देऊन मोकळा झालो असतो. दुसऱ्या आठवड्यात सोसायटीचा वायरमन बोलावून मी त्या पॉइंटची वायर बदलून घेतली आणि कॉइल स्वतः जोडली. फोनवर त्यांच्यापुढे मला पुन्हा बोलता आलं नसतं, म्हणून हे पत्र लिहिलं.

ती. काकांस, सा. न.

तुम्ही वायरिंगबद्दल म्हणालात ते बरोबर होतं. आमचं घर तुम्ही वाचवलंत, हे मी विसरणार नाही. मी तुम्हाला कधी नकार दिला नाही, हेही खरं. तुमच्या घरी जेवणारा मुलगा तुम्हाला नाही कसं म्हणणार होता? त्याला मी कृतज्ञता समजत होतो. तुमच्या लेखी तो नुसता पोकळ होकार होता, हे मला आत्ता कळलं.

तुम्ही मला सगळं शिकवलंत आणि मी शिकलो यावर तुमचाच विश्वास नव्हता. हे मला सहन होत नाही. आणि ही इतके महिने स्वतःच्या हाताला दोष देत राहिली. तिला तुम्ही एकदा फोन करायला हवा. हे मी विनंती म्हणून लिहीत नाही.

वायर बदलली आहे. कॉइल मी जोडली. तुमची टेप काढली. टोक दुमडलेलं होतं, लगेच निघाली.

सोबतच्या डब्यात नानकटाई आहे. ती हिने पाठवली आहे, मी नाही. काकूंना नमस्कार. खाण्याआधी एक नानकटाई पालथी करून खालची बाजू बघा.