तोंडात नळी असताना

आपल्या मासिकात असले अनुभव आले की ते पान उलटून पुढे जाणारा मी माणूस. भूत, चकवा, झपाटणं... माझा कशावरच विश्वास नव्हता, आणि आजही फारसा नाही. दुसरबीडच्या शाळेत मास्तर आहे. पोरांच्या डोक्यातलं असलं खूळ काढणं हेच माझं काम. तरी लिहितोय, कारण हे ऐकीव नाही. माझ्याच जिवावर बेतलेलं आहे.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. माझ्या पित्ताशयात खडे निघाले आणि बुलढाण्याला एका खाजगी दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. भूल द्यायला पुण्याकडचे एक तरुण डॉक्टर होते. "गुरुजी, काही कळणारसुद्धा नाही तुम्हांला," म्हणाले. हातात इंजेक्शन टोचलं आणि मी गेलो.

आणि मग जागा झालो... टेबलावरच! पोट उघडं असताना!

डोळे उघडेनात. बोट हलेना. घशात नळी, आणि श्वाससुद्धा माझा नव्हता – डोक्याशी बसलेले ते डॉक्टर रबराची काळी पिशवी हाताने दाबायचे, तेवढीच हवा आत यायची. 'मी जागा आहे हो, जागा आहे!' मी आतल्या आत बोंबलत होतो. कोणाला पत्ता नाही. सर्जनसाहेब आपले पाऊसपाण्याच्या गप्पा मारतायत! इतका राग मला जन्मात आला नव्हता. आणि इतकी भीतीही.

दुखत होतंच, पण त्याहून वाईट तो श्वास. पिशवी अर्धी-अर्धीच दाबली जायची. फुस... फुस... एकसारखी. छाती खालून मिटत चालली, ओल्या कापडाची घडी बसावी तशी. हवा आली तरी तिला आत जागाच उरेना.

"रक्त काळं दिसतंय," सर्जन एकदम म्हणाले, आणि गप्पा थांबल्या.

संपलं, मला वाटलं. बायको बाहेर बाकावर बसलीय, आणि मी इथे चांगल्या चार माणसांच्या गराड्यात गुदमरून मरतोय! होतं नव्हतं ते बळ एकवटून मी ओरडलो – अर्थात मनातच.

त्याच क्षणी पिशवी पूर्ण दाबली गेली. दाबूनच धरली. छाती पार खालपर्यंत फुलली. पुन्हा एकदा तसंच... त्यापुढचं मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात जाग आली ती आरडाओरड्याने. भूल देणारे डॉक्टर मलमपट्टी करणाऱ्या किसनला झापत होते. "काल ऑपरेशन चालू असताना मला 'बे' म्हणालास? लाज नाही वाटत?"

"नाई जी सायेब! तुमाले बे म्हनाची माही हिंमत हाये का? मी तं भाईर पानी तापवून राह्यलो होतो."

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. वर्गात एखादं पोरगं 'बे' म्हणालं तर मी त्याला बाकावर उभं करतो, आणि...

"डॉक्टर, त्याला बोलू नका," मी म्हणालो. "'अबे, भरून दाब ना, जीव चालला माहा' – असंच ऐकलंत ना? ते मी म्हणालो."

डॉक्टर माझ्या खाटेच्या काठावर बसलेच. एवढं सबंध वाक्य त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं.

"अगदी कानाशी ऐकू आलं," ते हळूच म्हणाले. "म्हणून तर दाबली. थोडी थोडी हवा देत राहिलं की फुप्फुसाचा खालचा भाग मिटत जातो, मधूनमधून भरून द्यावी लागते... ते राहून गेलं होतं माझ्याकडून. पण गुरुजी, तुमच्या तोंडात नळी होती. अंग लुळं पाडायला जे औषध देतो, त्याने जीभसुद्धा हलत नाही!"

"आणि त्याच्या आधीचं? जागा आहे, जागा आहे म्हणून ओरडत होतो ते?"

त्यांनी मान हलवली. "नाही. ते एकच ऐकलं."

भास झाला म्हणावं, तर दोघांना एकच कसा झाला? पण खरं सांगू? ती एक हाक बाहेर कशी पोहोचली, याचं मला तेवढं वाटत नाही. त्याआधी जिवाच्या आकांताने मारलेल्या सगळ्या हाका, माणसं हातभर अंतरावर असताना... त्यांतली एकही का पोहोचली नाही? हा विचार आला की मी अजूनही हातातलं काम टाकून बायकोला हाक मारून बघतो. स्वयंपाकघरातून तिचं "काय झालं जी?" ऐकू येईपर्यंत माझ्या जिवात जीव नसतो.