चर्चा बघून शिकलेलं भाषण

पंचावन्नाव्या वर्षी मला वक्ता व्हायची हौस आली. हौस कसली, गल्लीने गळ्यात घातली. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी यायचं, तेही नेमकं सकाळी, शेजारची अक्का वळलेल्या विड्या कारखान्यात द्यायला जायची तेव्हा. विड्या द्याव्यात तर घागरी कोरड्या, पाणी भरावं तर विड्या घरात. संध्याकाळी पाणी सुटलं तर तिची सुटका होती. पाणी खात्याचे साहेब तक्रारी ऐकायला मारुतीच्या मंडपात येणार होते.

"तुमी शिकल्याल्या हाईत वहिनी, तुमीच बोला की," अक्का म्हणाली.

शिकलेली! आयुष्यात माइक धरला तो हळदी-कुंकवाला उखाणा घ्यायला. मग भाषण शिकायचं कुठं? टीव्हीवर रोज पुढारी भांडायचे, तीच माझी शाळा. मी बोट उगारायला शिकले, हातातला कागद फडकवायला शिकले. स्वयंपाकघरात सराव चालायचा. कुकरने शिट्टी दिली की मी ओरडायची, "मला बोलू द्या! मी तुमच्या मध्ये बोलले नव्हते!"

"टीव्हीसमोर बसून वक्ते झाले असते," आमचे हे म्हणाले, "तर आपला सोफा आमदार झाला असता."

मंडपात साहेब आले. कोवळं पोरगं, घामाने भिजलेलं. मी तोंड उघडायच्या आत म्हणालं, "काकू, सकाळची अडचण कळली मला. एका गल्लीला संध्याकाळी देता येईल. तुम्हाला किती वाजता हवं, सांगा."

आता आली का पंचाईत! टीव्हीवर कुणी कधी कबूलच होत नाही. समोरचा हो म्हणाला तर काय बोलायचं, हे मला कोणत्याच पक्षाने शिकवलं नव्हतं. पण बोट तर उगारलेलं.

"प्रश्न मी विचारणार!" माझ्या तोंडून निघालं. "इतकी वर्षं काय करत होता?"

"काकू, मी मागच्या महिन्यात बदलून आलोय."

"विषय भरकटवू नका!"

टाळ्या पडल्या. मेल्या त्या टाळ्यांनी घात केला. मला आतून कळत होतं, बाई, वेळ सांग आणि बस खाली. पण तोंड उताराला लागलेल्या सायकलीसारखं सुटलं होतं, ब्रेक सापडेना. अक्का मागून पदर ओढत होती, "संध्याकाळी सहा म्हना की वहिनी, सहा!" मी पदर सोडवून घेतला आणि कागद फडकवला. त्यावर वाण्याकडून आणायचं सामान लिहिलेलं होतं.

मागच्या गल्लीतली एक म्हातारी उठली. "सायेब, संध्याकाळचं आमाला द्या. सा वाजता."

"दिलं," साहेब म्हणाले, आणि उठले.

परतताना बायका माझं कौतुक करत होत्या. "लई भारी बोललात, टीव्हीवानी!" अक्का तेवढी झपाझप पुढे निघून गेली.

पुढच्या पाण्याच्या दिवशी, सकाळीच, ती विड्यांची पाटी घेऊन निघाली आणि दोन घागरी माझ्या उंबऱ्यावर ठेवल्या.

"आता तुमीच भरा," म्हणाली.

यावर कसला वाद घालायचा? भरल्या. अजून भरते, कण्हत, गुडघे धरून.