निळं पिंप

कुपवाडच्या एका कारखान्यातून भावानं निळं रिकामं पिंप आणलं, त्या दिवशी आमच्या घरी सणच झाला. नव्वद साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. नळाला दिवसाआड पाणी यायचं, त्यामुळं असल्या पिंपासाठी कामगारांत चढाओढ असायची. आईनं ते चिंच आणि राखेनं घासलं, हळद-कुंकवाची पाच बोटं ओढली आणि पाणी भरलं.

पहिली बादली म्हशीपुढं ठेवली. म्हशीनं हुंगलं आणि तोंड फिरवलं.

वहिनीला पाचवा महिना होता. ती म्हणाली, "आत्याबाई, पाण्याला कसला तरी वास येतोय."

"नव्या भांड्याला वास असतोयच गं," आई म्हणाली. "जनावराला काय कळतंय?"

मग दोघींनी माझ्याकडं बघितलं. मी विश्रामबागेतल्या शाळेत विज्ञान शिकवायचे. जलप्रदूषणाची व्याख्या पोरांकडून घोकून घेण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. त्याही वेळी मांडीवर त्याच धड्याचे पेपर होते. मान वर न करता मी म्हणाले, "उकळून प्या. जंतू मरतात." अगाऊ कुठली मी.

म्हैस त्या पाण्याला शेवटपर्यंत शिवली नाही. वहिनी मात्र माझ्या शब्दावर उकळून पीत राहिली. सातव्या महिन्यात तिला दवाखान्यात न्यावं लागलं. चार दिवसांनी आम्ही तिला रिकाम्या ओटीनं घरी घेऊन निघालो, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "पाणी कसलं पिता?"

"उकळलेलं," मी तोऱ्यात सांगितलं.

"साठवता कशात?"

मी सांगितलं. त्यांचं लिहिणं थांबलं. "कारखान्यातलं रसायन उकळून जात नसतं, बाई." पिंपामुळंच झालं असं ते ठाम म्हणाले नाहीत.

घरी आलो तर मोरीत पिंपाची जागा मोकळी.

"पलीकडं लग्नाला दिलंय," आई म्हणाली. "चांगलं घासून दिलंय की."

मी तशीच धावले. मांडवात पंगत बसत होती, वाढपी पिंपात जग बुडवत होते. मी दोन्ही हातांनी पिंप ढकललं. पाणी पत्रावळींतून वाहत गेलं. नवरीची आई कपाळाला हात लावून खाली बसली.

"शिकल्याली हाय म्हणं," कुणीतरी म्हणालं.

"त्यात कारखान्याचं विष आहे," मी सांगत राहिले. कुणाला पटेना. एकानं माझा दंड धरला.

तेवढ्यात माझ्यामागून वहिनी आली. डोक्याला फडकं बांधलेलं, भिंत धरत धरत. मांडवाच्या मधोमध येऊन ती म्हणाली, "मी प्यालेय त्ये पाणी."

मग माझा दंड सुटला.