उंबराची चीर

मोशीच्या आमच्या सोसायटीत पिकली उंबरं पडली की त्यांचा गोड, आंबूस वास मला जुन्या चिंचवडला नेतो.

पन्नासच्या दशकातला एक रविवार. उपासनेनंतर पवनेकाठच्या उंबराखाली पाळकसाहेब आम्हा बायकांना बायबलातला आमोस संदेष्टा शिकवत होते. गरिबांना नाडणाऱ्या श्रीमंतांना खडसावणारा हा आमोस मूळचा गुराखी आणि उंबरांची निगा राखणारा. "त्याच्या मुलखात कच्च्या फळाला सुरीनं चीर देत, मगच ते गोड पिके," साहेब म्हणाले.

माझ्या शेजारच्या शेवंताबाई दचकल्या. त्यांचं माहेर दत्तभक्तांचं. "उंबराला सुरी लावत न्हाईत, साहेब."

आपलं उंबर तसं पिकतं का, हे मला बघायचंच होतं. साहेबांनी हसून चाकू दिला. मी एका फळाला चीर दिली आणि खुणेला त्या घोसाला दोरा बांधला.

पुढच्या रविवारी आम्ही सगळ्या बघायला वाकलो. फळ हिरवंच होतं, आणि चिरेवर हळद लावलेली होती. शेवंताबाई नदीकडे बघत होत्या.

संदेष्ट्यांवर पुढं मी बरंच वाचलं. चीर का द्यावी लागते, ते कळलं. आमोसाच्या मागून हळद घेऊन कोण गेलं असेल, ते मात्र कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही.